हेडफोन परत पाठवतेय

दि. ४ ऑगस्ट

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद, आणि नातवाच्या दोन्ही गालांचे पापे माझ्या नावानं तूच घे. जावईबापूंचा खोकला थांबला का? माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

तुझं पार्सल मिळालं. हेडफोन उत्तम आहे. गाद्या अशा मऊ की उशाला घेऊन झोपावं. सोबत तू लिहिलंस, 'आई, आतापासून यावरच ऐकायची सवय कर, म्हणजे इकडे आलीस की कुणाला त्रास नाही.' बाई गं, उशाला घेण्याखेरीज मला त्याचा उपयोग नाही. म्हणून या पत्राबरोबरच तो परत पाठवतेय. रुसू नकोस. रुसलीस तरी पाठवणार आहे.

डोक्याला कडं अडकवून मी अख्खी नोकरी काढली, हे तू विसरलीस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही बायका ओळीनं बसलेल्या, समोर भोकाभोकांचा फळा, हातात दोऱ्या आणि उजव्या कानावर ते लोखंडी कडं. एकाची दोरी दुसऱ्याच्या भोकात खोचायची, 'बोला' म्हणायचं आणि किल्ली पाडून लाइनीतून बाहेर व्हायचं. ऐकायचं नाही, हा नियम. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाचा बाप गेला, पहिला शब्द कानावर पडायचा आणि पुढचं ऐकायचा मोह झाला की सुपरवायझर बाई पाठीशी उभ्या. जन्मभर मी लोकांची अर्धी वाक्यं ऐकली. आता मला पुरं ऐकायचंय. तेही डोक्याला काही न बांधता, माझ्या खुर्चीत बसून, समोरून येणारं.

बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर गेला हे तुला सांगितलंच होतं. फट्कन् आवाज, मग करपल्याचा वास. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि मोठ्या डॉक्टरसारखी मान हलवून झाकण लावलं. तू म्हणालीस, 'बरं झालं, निकाल लागला. आता त्या दोन स्पीकरच्या पेट्याही कुणाला तरी देऊन टाक.' अगं, अ‍ॅम्प्लिफायर गेला म्हणून काय पेट्यांनी सती जायचं? त्या धडधाकट आहेत. त्यांना नुसतं पाठीमागून कुणीतरी बळ देणारं हवं.

जावईबापू ब्लूटूथचा डबा पाठवतो म्हणाले, त्यांचा आग्रह कळला. त्यांना म्हणावं, तो डबा कानामागून आला अन् तिखट झाला. मी आमच्या बारकीकडे ऐकलाय. (बारकी म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची ती. आता दारात आडवी मावत नाही, पण नाव तेच.) गाणारी, व्हायोलिनवाला, तालवाला, सगळे एका मोरीत दाटीवाटीनं उभे राहून गातायत असं वाटतं. मला ती माणसं ऐसपैस बसलेली हवीत. गाणारी मधोमध, व्हायोलिन डावीकडे, ताल उजवीकडे. बाबा असताना ती तशी बसायची.

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा हे ठरलंय. पेन्शनीला झेपेल असाच. त्यासाठी मी वाचतेय, विचारतेय, आणि बरंच शिकलेय. खोक्यावरच्या वॅटवर विश्वास ठेवायचा नाही. पाचशे वॅट लिहिलेलं खोकं उचललं तर करंगळीवर तोललं. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा. माझ्या खोलीला तीस-चाळीस खरे वॅट पुष्कळ झाले. पाच-सात पेट्या लावून घराचं थिएटर करणारी यंत्रं असतात, ती नकोत. तेवढ्याच पैशांत सात जणांची पोटं भरायची म्हणजे कुणाचंच भरत नाही. दोनच पेट्यांचा हवा, बाबांच्या तबकड्या वाजवायच्या यंत्राची तार लागेल असा हवा, आणि त्याला बॅलन्सचं बटण हवं. म्हणजे डावीकडचा आवाज आणि उजवीकडचा आवाज कमीजास्त करता येतो ते. ते हवंच. का, ते विचारू नकोस.

आणि उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू आगगाडीसारखी बोलतेस, डबे मोजता मोजता गाडी निघून जाते.

तुझी हट्टी
आई


दि. १९ ऑगस्ट

चि. चिमणीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. खोलीला पिस्त्याचा रंग लावलास, खिडकीपाशी माझ्यासाठी आरामखुर्ची ठेवलीस, स्नानघरात धरायला दांडी बसवलीस. वाचताना डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? तुझ्यासारखी लेक दिवा घेऊन शोधून मिळायची नाही. म्हणूनच तुला नाही म्हणताना माझ्या जिवावर येतं. वाईट लेक असती तर एका वाक्यात उडवून लावली असती.

पण नाहीच म्हणतेय.

तू लिहिलंस, 'घर विकायचं ठरतंय आणि तू त्यात सामान भरतेस?' ठरतंय कुणाचं? तुझं ठरतंय. माझं तर यंत्र घेऊन झालं. परवाच आणलं. ते उचलताना बारकीचा पदर फाटला आणि रिक्षावाल्यानं 'यात काय दगड भरलेत का' विचारलं. एवढं जड यंत्र जायच्या तयारीतला माणूस घेत नाही, इतकं तरी समजून घे.

दुकानातली गंमत सांगते. दुकानदार तुझ्या वयाचा. आम्ही दोघी आत शिरल्यावर त्यानं आधी पाणी दिलं, मग खुर्च्या, मग पुन्हा पाणी. रस्ता चुकून आलोय असं वाटलं असणार त्याला.

'आजी, नातवासाठी का?'

बारकी म्हणाली, 'नातवाला अजून दात यायचेत. हिच्यासाठी.'

त्यानं चमचमणारं एक यंत्र पुढे केलं. 'हे घ्या. रिमोट आहे, दिवे आहेत, आवाज असा की गल्ली हादरेल.'

'गल्लीनं माझं काही वाकडं केलेलं नाही,' मी म्हटलं. 'मला दोन पेट्यांचं, तबकडीवालं, साधं दाखवा.'

मग तो जरा सावरून बसला. माणूस वाईट नाही, फक्त घाईचा. त्यानं दोन काढली. एक सुरेख, चांदीच्या डब्यासारखं, पुढे एकुलतं एक बटण. 'आजी, यात आवाज शुद्ध ठेवण्यासाठी बाकीची सगळी बटणं काढून टाकलीत.'

'चुलीवरचं झाकण, चिमटा, पळी काढून टाकली म्हणजे स्वयंपाक शुद्ध होतो का?'

तो हसला. दुसरं यंत्र काळं, ठोकळ्यासारखं, रूपानं डावं. पण बटणं सगळी: खर्जाचं, टिपेचं आणि बॅलन्सचं. भावालाही हलकं.

'पण बॅलन्स आजकाल कोण फिरवतं?' तो म्हणाला.

'मी फिरवते.'

'कशाला पण?'

'खोली वाकडी आहे माझी. एक पेटी कोपऱ्यात येते, एक मोकळी राहते.'

बारकीनं माझ्याकडे पाहिलं. ती माझ्या खोलीत हज्जारदा येऊन गेलीय. पण बोलली नाही. लाइनीवर असताना गप्प कधी बसायचं, हे आम्हाला शिकवलेलंच होतं.

मी बाबांची तबकडी पिशवीतून नेली होती. दोन्ही यंत्रांवर तीच लावायला सांगितली, आणि आवाज दोन्हीकडे सारखा ठेवायला लावला, कारण जरा मोठं वाजवलं की कुठलंही यंत्र गोड वाटतं. शितावरून भाताची परीक्षा. ती बाई ओळ संपवून श्वास घेते ना, तो मी धरला. चांदीच्या डब्यावर श्वास जरा जास्त स्वच्छ होता, कबूल करते. काळ्यावर तो होता, पण थोडा घरगुती. मी म्हटलं, चालेल. हिनं माझ्या घरी घरच्यासारखंच यावं. शिवाय काळ्याच्या किमतीत चांदीचं झाकणसुद्धा आलं नसतं.

दुकानदार म्हणाला, 'माणूस पाठवतो, जोडून देईल.'

बारकी छाती काढून म्हणाली, 'आम्ही दोघींनी अख्ख्या शहराचे फोन जोडलेत. दोन पेट्या जोडायला माणूस?'

तेव्हा आज संध्याकाळी जोडणार. तू काळजी करू नकोस. 'एकटी असताना पडलीस तर' हा प्रश्न तू तीन वेळा लिहिलायस. पडले तर उठेन. उठता आलं नाही तर बारकीकडे किल्ली आहे. ती माझ्यावर पडली नाही म्हणजे झालं.

फोन करू नकोस, लिही.

तुझी, इथंच असलेली
आई


दि. १ सप्टेंबर

चि. चिमणे,

आधी कामाचं. दहा-बारा दिवसांपूर्वी फोनवर मी 'येते' म्हणाले. तो शब्द मी मागे घेतेय. टेम्पो ठरवला असशील तर सांगून टाक. शनिवारी तू पाठवलेला घराचा एजंट आला होता, त्यालाही मी दारातून पाणी देऊन परत पाठवलं. तो बिचारा म्हणत होता, 'ताईंनी सांगितलं, आईंनी हो म्हटलंय.' हो, म्हटलं होतं. कसं म्हटलं, ते आज सगळं सांगते. बसून वाच. नातवाला जावयांकडे दे.

खोली वाकडी नाही. खोली सरळच आहे. माझा उजवा कान वाकडा झालाय.

पावसाळ्याच्या आधीपासून जाणवत होतं. दाराची घंटा दूर कुठंतरी वाजल्यासारखी. मग एकदा तबकडी लावली आणि गाणारी बाई मधून उठून डावीकडे, व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली. मी पेटी हलवली, तार पुसली, खुर्ची सरकवली. ती हलेचना. शेवटी जुन्या यंत्राचं बॅलन्सचं बटण उजवीकडे फिरवलं, तशी सरकत सरकत आपल्या जागी आली. तेव्हा मला कळलं. मी डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी कानात दिवा घातला, काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि सांगितलं की गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते किती टिकेल सांगता येत नाही. कड्याचाच कान तो. नोकरीनंच खाल्ला की वयानं, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तुला का नाही सांगितलं? तुला ठाऊक आहे का नाही सांगितलं. झाकली मूठ. ती उघडली की तू म्हणणार, 'झालं, आता तर यायलाच हवं.' तुझ्याशी भांडायची ताकद आहे माझ्यात, पण तुझी काळजी आणि माझा कान अशा दोघांशी एकदम भांडायची नव्हती. फोन नको, लिही, असं म्हणत होते ते त्यामुळेच. सवयीनं फोन उजव्या कानालाच जातो गं. तू बोलत असतेस आणि मला नुसती भुणभुण येते. मी 'हं हं' करते. तू कसली परवानगी मागतेस आणि मी कसली देते, देव जाणे.

आता त्या संध्याकाळचं. आम्ही दोघींनी जुन्या तारा सोडवल्या, टोकं सोलली, नव्या यंत्राला लावली. प्रत्येक पेटीला दोन तारा, दोन्ही एकाच रंगाच्या. मी बारकीला विचारलं, 'यात कुठली कुठं?'

ती म्हणाली, 'कशीही लाव. टेलिफोनच्या जोडीला उलटसुलट काही असतं का? माणूस बोलतोच.'

खरंच होतं. आम्ही उभ्या आयुष्यात जोडीची कुठलीही तार कुठंही लावलेली पाहिली, आणि पलीकडचा माणूस बोललाच. लावली. बारकीला घरी जायची घाई होती, ती गेली. मी तबकडी ठेवली.

चिमणे, ती बाई नव्हतीच.

आवाज होता, पण बाई नव्हती. ना मधे, ना डावीकडे, ना उजवीकडे. साऱ्या खोलीभर धुरासारखी पसरलेली. खर्ज सगळा गेलेला, जणू तळ निघालेल्या भांड्यात कुणी पाणी ओततंय. मी बॅलन्स डावीकडे केला, उजवीकडे केला, टिपेपासून खर्जापर्यंत सगळी बटणं पिळून काढली. काही नाही. मला वाटलं, हे असंच असतं. डॉक्टर म्हणाले होते किती टिकेल सांगता येत नाही, तर हे इतकंच टिकलं. यंत्र यायला आणि कान जायला एकच गाठ पडली. यंत्राला दोष द्यायचं मनातसुद्धा आलं नाही, कारण दुकानात त्यावरच मी तिचा श्वास ऐकला होता.

मग मी तुला फोन केला. 'मी येते, खोली ठेव,' म्हणाले. तू रडलीस बहुतेक. मग पुष्कळ बोललीस. मला एक अक्षर कळलं नाही. मी हो हो म्हणत राहिले. त्या 'हो'मध्ये घराचा एजंटही होता, हे मला तुझा मेसेज आल्यावर कळलं.

तीन-चार दिवस मी यंत्राला हात लावला नाही. सामान काढायला घेतलं. भांडी वेगळी केली. बाबांच्या तबकड्या कुणाला द्यायच्या, विचार करत बसले आणि कुणाचंच नाव सुचेना. मग बारकी आली. मी तिला म्हटलं, 'हे यंत्र तू ने. माझ्या कानांचा निकाल लागला.' आणि दाखवायला म्हणून तबकडी लावली.

ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, 'अगं, मलाही ही बाई सापडत नाहीये.'

'मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस.'

'तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही केलंय का? आठव बघू. अगं, माझे कान शाबूत आहेत. शेजाऱ्यांची भांडणं भिंतीतून ऐकते मी, शब्दन् शब्द. आपल्या दोघींचे कान एकाच आठवड्यात कसे जातील?'

आम्ही दुकानदाराला फोन लावला. बारकीनं लावला, तिच्या कानाला.

तो म्हणाला, 'लालला लाल, काळ्याला काळं, असंच लावलंत ना? तारेच्या कडेला बारीक रेघ असते बघा.'

बारकी म्हणाली, 'त्यानं काय फरक पडतो?'

तो म्हणाला, 'आजी... पडतो.'

एका पेटीची तार उलटी होती. एक पेटी पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते, आणि दोघी मिळून मधली बाई खाऊन टाकतात. त्यानं असं समजावलं. मी खाली बसून तार फिरवली. या गुडघ्यानिशी. तबकडी लावली, बॅलन्स थोडा उजवीकडे केला. ती आली. खोकली नाही, खाकरली नाही, येऊन मधोमध बसली आणि गायला लागली. बारकी म्हणाली, 'ही बघ तुझी सवत.' मग आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढची ओळ ऐकायची राहून गेली.

आता तू म्हणशील, तार सुलटी झाली म्हणून कान थोडाच सुलटा झाला? नाही झाला. तेच तर तुला सांगायचंय. कान जसा होता तसाच आहे, उद्या आणखी जाईल. पण एका उलट्या तारेपायी मी माझं घर सोडायला निघाले होते, भांडी वेगळी करून बसले होते, तुला हो म्हणून मोकळी झाले होते. इतकी घाबरले होते मी. तसं घाबरून कुणी माझा निर्णय करावा, हे मला नको. मीही करू नये, तूही करू नये.

म्हणून जे करायचं ते मी केलंय. डॉक्टर कानाचं यंत्र घे म्हणतात, ते घेतेय. माप देऊन आले. ते बोलण्यासाठी, फोनसाठी, दारासाठी. दाराला दिव्याची घंटा बसवली, वाजली की खोलीत दिवा लागतो. बारकी सकाळी येऊन जाते, आणि मी तिच्याकडे जाते, म्हणजे ती पडली तर मी. फोन आता डाव्या कानाला धरते. कालच तू मोठ्या आवाजात बोलून पाठवलेला मेसेज डाव्या कानानं ऐकला, शब्दन् शब्द कळला. एजंटाला परत पाठवलं म्हणून रागावलीस, ते बरोबरच आहे. कानाचं आधीच सांगायला हवं होतं. आता सांगितलंय.

तुझी ती खोली तू मोडू नकोस. मी येईन, चार दिवस, आठ दिवस राहीन, नातवाला उताणं-पालथं करून खेळवीन, खुर्चीत बसेन, दांडीलाही धरीन. पण पाहुणी म्हणून येईन आणि परतीचं तिकीट काढूनच येईन. ज्या दिवशी मला इथं एकटीनं झेपणार नाही, त्या दिवशी मी स्वतः फोन उचलून तुला सांगेन. दुसऱ्या कुणाकडून तुला ते कळणार नाही, डॉक्टरकडून नाही, बारकीकडून नाही. हा माझा शब्द. मला शब्द मागे घ्यायची वेळ आयुष्यात फार वेळा आलेली नाही, या आठवड्यात एकदा आली, तेवढी पुरे.

घर विकायचं नाही. चिमणे, हे मी विचारत नाहीये.

तुझी, ठणठणीत नसलेली पण ठाम,
आपल्या घरातून लिहिणारी
आई